व्हीटीची इमारत नीट कशी बघावी? घुमट, दगड आणि स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी

वास्तुवेडा

बोरीबंदरच्या इमारतीवर, म्हणजे व्हीटीवर (आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), मराठीत बरंच लिहिलं गेलंय, पण फिरून फिरून तेच चार मुद्दे येतात: स्टीव्हन्स, १८८७, व्हिक्टोरिया राणीचा सुवर्णमहोत्सव आणि २००४ साली मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा. हे सगळं खरं आहे, पण इमारतीसमोर उभं राहिल्यावर यातलं काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हा धागा काढतोय. समोर उभं राहून काय बघायचं, कुठे बघायचं आणि ते तसं का आहे, यावर बोलूया. जाणकारांनी भर घालावी.

इतिहास थोडक्यात. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली तेव्हा ही इमारत नव्हती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा पसारा वाढला, ती घाट चढून पार उत्तरेपर्यंत गेली, आणि मग कंपनीला शोभेलसं मुख्यालय हवं झालं. काम दिलं फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सला. जन्म १८४७, गाव इंग्लंडमधलं बाथ, नोकरी इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. त्याने आधी युरोपात हिंडून तिथली स्थानकं पाहिली, मग नकाशे केले. १८७८ ला काम सुरू झालं, १८८७ ला राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नाशीला तिचं नाव दिलं गेलं, १८८८ ला काम पुरं झालं. खर्च १६ लाखांहून जास्त. सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक एम. एम. जनार्दन. ही दोन नावं लक्षात ठेवावीत अशी माझी विनंती आहे, कारण ती सहसा कोणी घेत नाही.

आता मुख्य गोष्ट. घुमटाची इमारत हे स्थानक नव्हे, ते ऑफिस आहे. फलाट आणि त्यांवरचं छप्पर वेगळं. आपण ज्याचे फोटो काढतो ते जीआयपीचं मुख्यालय, आणि आज तिथेच मध्य रेल्वेची कचेरी आहे. एवढं कळलं की बाकीचा आराखडा उलगडतो. घुमटाखाली तिकीटघर नाही, प्रवाशांचं दालन नाही. घुमटाखाली आहे जिना! कंपनीचे बडे अधिकारी ज्या जिन्याने वर जात, त्याच्यावर शहरातला सगळ्यात दिमाखदार घुमट चढवलाय. पायऱ्या एका बाजूने भिंतीत रोवलेल्या आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी, त्यामुळे मधली पोकळी थेट वरपर्यंत मोकळी राहते.

दुसरं, इमारत पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणजे दुपारचं ऊन आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, दोन्ही समोरून अंगावर येणार. म्हणून दर्शनी बाजूला कमानींचे खोल व्हरांडे आहेत. खोल्या त्यांच्या मागे, छत उंच. या व्हरांड्यांकडे सजावट म्हणून बघू नका. ते काढले तर आतल्या खोल्यांत दुपारी बसवणार नाही. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीच्या, इमारतीला मुंबईच्या हवेने भाग पाडून करायला लावलेला हा बदल आहे, आणि मला तो घुमटाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: खांबांचे माथे. लोक मान वर करून थेट घुमटावरच्या ‘प्रगती’च्या पुतळ्याकडे बघतात. हातात मशाल आणि चाक घेतलेली ती बाई लंडनच्या टॉमस अर्पने घडवली. प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघही त्याचेच. पण नजर जरा खाली आणा. कमानींच्या टेकूंवर, खिडक्यांच्या वरच्या त्रिकोणांत, खांबांच्या माथ्यांवर पानं, वेली, मोर, माकडं, पक्षी असा सगळा पसारा आहे. ते काम मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचं, म्हणजे आपल्या आजच्या जे.जे.चं. मोठे पुतळे परदेशी शिल्पकाराकडून आले, पण माणसाच्या उंचीच्या आसपासचं बरंचसं काम इथल्या पोरांच्या हातचं आहे. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. इमारत बघायची तर त्यांच्या कामापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

कुर्लेकरीण

फारच छान धागा! वाचनखूण साठवली.

लोकलचं तिकीट काढायला जिथे रांग लागते त्या दालनाबद्दलही लिहा ना. तिथलं छत कोणी बघतच नाही. निळ्या जमिनीवर सोनेरी तारे काढलेत. वर्षानुवर्षं पास काढायला तिथे उभी राहिलेय, पण एकदा खिडकी बंद होती म्हणून वाट बघत थांबले तेव्हा पहिल्यांदा मान वर गेली.

वास्तुवेडा

कुर्लेकरीणताई, ते स्टार चेंबर. छतावरच्या ताऱ्यांमुळेच ते नाव. खांब, कमानी, जमिनीच्या फरशा, सगळं मूळ योजनेतलं. तिकीटघराचं लाकडी कोरीवकाम आणि लोखंडी-पितळी कठडे हेही स्कूल ऑफ आर्टचंच काम. माझ्या मते सामान्य प्रवाशाच्या वाट्याला आलेलं हे सगळ्यात देखणं दालन आहे. वर अधिकाऱ्यांसाठी जिना, खाली तिकिटासाठी तारे.

चुनखडी

दगडांबद्दल थोडं लिहिते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे दगडाशी रोजची गाठ.

व्हीटीत दगडांची वाटणी त्यांच्या स्वभावाप्रमाणे केलीय. काळा-निळसर बेसॉल्ट हा इथला घरचा दगड, सह्याद्रीचाच. भार घ्यायला आणि पाणी अडवायला उत्तम, पण त्यात बारीक पान कोरायचं म्हणजे छिन्नीची धार दर थोड्या वेळाने जाते. पिवळसर मालाडचा दगड ज्वालामुखीचाच, पण रंगाने उबदार. मुंबईत त्या काळच्या कितीतरी इमारतींच्या भिंतींना तो आहे. आणि कोरीवकामाला पोरबंदरचा चुनखडक. तो समुद्रातून येतो. भिंग लावून बघितलात तर सूक्ष्म जीवांच्या कवचांचे गोल गोल कण दिसतात. खाणीतून काढल्यावर मऊ असतो, म्हणून मोराच्या पिसाऱ्यातली एकेक रेघ त्यात उतरते.

पण जे कोरायला सोपं, ते झिजायलाही सोपं. हवेतलं गंधक आणि ओलावा मिळून चुनखडकाचा वरचा थर जिप्समचा करून टाकतात. जिथे पावसाचं पाणी धुऊन जातं तिथे दगड फिकट राहतो, पण नक्षी तिथेच पुसट होत जाते. जिथे पाऊस पोचत नाही तिथे काळी पापुद्र्यासारखी साल धरते आणि ती एक दिवस नक्षीसकट सुटून येते. पुढच्या वेळी एखाद्या कमानीखालचं पान बघा: बाहेरचा अर्धा भाग पांढरट आणि बोथट, आतला अर्धा काळा आणि रेखीव. दोन्ही बाजू एकाच दिवशी कोरलेल्या.

काळी साल दिसली की लोक म्हणतात, घासून काढा, सँडब्लास्टिंग करा. कृपा करून असं सुचवू नका. वाळूच्या माऱ्याने सालीबरोबर कोरीवकामही जातं. पाण्याचा अगदी बारीक फवारा, लेप, हलका ब्रश, आणि भरपूर वेळ, हाच मार्ग.

प्रश्नचिन्ह

माहिती उत्तम आहे. पण एक गोष्ट खटकते. आपण सगळे या इमारतीच्या प्रेमात इतके आहोत की ती कशासाठी उभी राहिली हे विसरतो. १८४९ च्या करारात जीआयपीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, आणि कमी पडेल ते इथल्या महसुलातून. म्हणजे कंपनीचा धोका इथल्या रयतेच्या डोक्यावर. भोर घाटात रेल्वेमार्ग बांधताना पटकीने आणि तापाने हजारो मजूर गेले, त्यांचं काय? दारावर एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. शेजारी शेजारी बसलेत, पण मालक कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. सौंदर्याचं कौतुक करताना हे सांगायला नको का?

वास्तुवेडा

सांगायलाच हवं, आणि तुम्ही ते नेमकं मांडलंत. भोर घाटाशिवाय या इमारतीला अर्थच नाही. घाट उतरून कापूस खाली आला म्हणून कंपनीकडे एवढं मोठं मुख्यालय बांधायची ऐपत आणि गरज निर्माण झाली.

पण इमारत फक्त मालकांची आहे, हे मला मान्य नाही. दर्शनी भिंतीवर गोल चौकटींत चेहरे आहेत, कंपनीच्या संचालकांचे वगैरे. त्यांत दोन आपल्याकडचे: जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट. मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून या दोघांनी खटपट केली, आणि नाना जीआयपीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक होते. नाना १८६५ ला गेले, म्हणजे इमारतीच्या पायाचा दगडही तेव्हा बसला नव्हता. तरी त्यांचा चेहरा भिंतीवर घ्यावा लागला. आणि घड्याळाखालचा कोनाडा बघा. तिथे राणीचा पुतळा होता. आज तो कोनाडा रिकामा आहे आणि नानांचा चेहरा जागेवर आहे.

प्रश्नचिन्ह

रिकाम्या कोनाड्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद. तरीही मजुरांचा चेहरा कुठेच नाही, हा माझा मुद्दा राहतोच.

गोदाकाठ

स्कूल ऑफ आर्टवरून एक. ते सगळं कोरीवकाम तिथला शिक्षक लॉकवुड किपलिंगने करून घेतलं ना? क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्याचीच आहेत, शैलीही जुळते.

वास्तुवेडा

क्रॉफर्ड मार्केटची किपलिंगची, बरोबर. ते १८६९ चं. पण किपलिंग १८७५ ला लाहोरला गेला आणि व्हीटीचं काम १८७८ ला सुरू झालं. तेव्हा शाळा होती जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली.

आणि इथे एक विलक्षण धागा जुळतो. हाच ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होता, भित्तिचित्रांच्या नकला करायला. म्हणजे व्हीटीचे खांब कोरले जात होते त्याच वर्षांत त्याच शाळेतली मुलं लेण्यांत बसून वेली, हंस, माकडं, हत्ती उतरवून घेत होती. त्यातल्या बऱ्याच नकला १८८५ ला लंडनमध्ये आगीत गेल्या. दोन्ही ठिकाणी तेच हात होते असं मी म्हणणार नाही. पण शाळा एक, गुरू एक, काळ एक. इंग्रजी गॉथिकमध्ये खांबाच्या माथ्यावर तिकडच्या झाडांची पानं येतात. इथे आपली झाडं, आपली जनावरं आली, आणि ती नुसती ठोकळेबाज न येता जिवंत आली, याचं कारण या शाळेच्या शिकवणुकीत शोधावं लागतं. जे.जे.च्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी याकडे बघावं असं मनापासून वाटतं. अजिंठ्याच्या नकलांवर खूप लिहिलं गेलंय. व्हीटीच्या खांबांवर त्याच्या मानाने काहीच नाही.

लंडनकर

इथे लंडनमधलं सेंट पँक्रस स्थानक अधूनमधून बघायला मिळतं, त्यामुळे तुलना करतो. व्हीटीला त्याची नक्कल म्हणणारे भेटतात. प्रेरणा नक्कीच असेल, स्टीव्हन्सच्या पिढीवर सेंट पँक्रसच्या दर्शनी इमारतीचा वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट याचा पगडा होताच. पण दोन इमारती जवळून बघितल्या की फरक ठळक होतो.

सेंट पँक्रसची दर्शनी इमारत हॉटेल आहे, १८७३ चं. लाल विटेची, रस्त्याच्या कडेला सलग उभी राहिलेली, खिडक्या आत घट्ट बसवलेल्या. थंडी आणि धूर बाहेर ठेवायचा हाच हेतू. व्हीटी दगडाची आणि सच्छिद्र आहे. दोन बाहू पुढे आणून मध्ये बाग धरलीय, व्हरांड्यांतून वारा आरपार जातो. शिवाय सेंट पँक्रसचा खरा पराक्रम मागे आहे. विल्यम बार्लोने १८६८ ला बांधलेलं लोखंडी छप्पर एका झेपेत सुमारे ७४ मीटर जातं, मध्ये एकही खांब नाही. मुंबईत उलटं. पराक्रम पुढे, घुमटात.

आणखी एक: ते हॉटेल १९३५ ला बंद पडलं आणि १९६० च्या दशकात पाडायचं घाटत होतं. लोकांनी आवाज उठवला म्हणून १९६७ ला वरच्या दर्जाचं संरक्षण मिळालं, आणि २०११ ला ते पुन्हा हॉटेल म्हणून उघडलं. व्हीटी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच कामाला आहे. इमारती वापरात राहिल्या की टिकतात.

इंजिनिअरकाका

घुमटावर कोणी तरी सविस्तर लिहील म्हणून थांबलो होतो. आता मीच लिहितो.

हा अष्टकोनी, फासळ्यांचा, दगडी घुमट आहे, आणि तो सेंटरिंगशिवाय बांधला असं नोंदवलेलं आहे. नव्या मंडळींना याचं महत्त्व कळावं म्हणून जरा फोड करतो. कमान बांधताना खालून लाकडी साचा (हेच सेंटरिंग) लागतो, कारण मधला कळीचा दगड बसेपर्यंत ती स्वतःला धरू शकत नाही. घुमटाचं तसं नाही. घुमट आडव्या कड्यांनी वर जातो. एक कडं पूर्ण झालं की त्यातले दगड एकमेकांना आतल्या बाजूने दाबतात आणि आत पडू शकत नाहीत. म्हणून तत्त्वतः एकेक कडं पुरं करत आधाराशिवाय वर जाता येतं. अडचण असते कडं अर्धवट असताना. तेव्हा दगड घसरू नये म्हणून सांधे एकमेकांत अडकवावे लागतात. व्हीटीच्या फासळ्यांचे दगड सुतार लाकडात खाच पाडून सांधा अडकवतो तसे घडवलेत.

अष्टकोनामुळे काम आणखी अवघड होतं. गोल कड्यात दाब सगळीकडे सारखा पसरतो, अष्टकोनात तो कोपऱ्यांकडे जमा होतो. म्हणून कोपऱ्यांत फासळ्या. फासळ्या भार घेतात, मधले पडदे त्यांच्यात भरले जातात. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक थराचा दगड वेगळ्या कोनात घडवून, खाली नंबर टाकून, वर चढवून चपखल बसवायचा. ज्या पाथरवटांनी आणि गवंड्यांनी हे केलं त्यांच्यापुढे मी साठीतला इंजिनिअर हात जोडतो. प्रश्नचिन्ह, तुमचा मुद्दा मला इथे पटतो. मजुरांचा चेहरा भिंतीवर नाही. पण त्यांचं डोकं त्या सांध्यांत आहे, आणि ते कोणालाही तपासता येतं.

चुनखडी

काका, फार सुंदर समजावलंत. त्यात चुन्याची भर. हे सगळं चुन्याच्या दर्जांवर (दगडांमधल्या सांध्यांवर) उभं आहे, सिमेंटवर नाही. चुना हळू घट्ट होतो आणि थोडा लवचिक राहतो, त्यामुळे उन्हाळ्या-पावसाळ्यात दगड जरासे हलले तरी सांधा तडकत नाही. ओलही त्यातून बाहेर पडते. अशा भिंतीच्या दर्जांत सिमेंट भरलं की ओल दगडातून बाहेर पडायला लागते आणि दगडाचा मुखडाच फुगून सुटतो. एका जुन्या सरकारी इमारतीत कंत्राटदाराने ‘मजबुतीसाठी’ असं सिमेंट भरलेलं आम्हाला नंतर छिन्नीने एकेक इंच काढावं लागलं होतं. गावाकडे कोणाचा वाडा असेल त्यांनीही हे ध्यानात ठेवा.

कुर्लेकरीण

पावसावरून आठवलं. भिंतीतून बाहेर डोकावणारे ते प्राणी पाणी फेकण्यासाठी आहेत का? जोराचा पाऊस असला की त्यांच्या तोंडातून धार पडते.

वास्तुवेडा

हो, तेच त्यांचं काम. उतरत्या छपरांचं पाणी भिंतीवर न ओघळू देता लांब फेकायचं. आपल्या देवळांच्या मकरमुखांचंही तेच काम. चुनखडीताईंनी सांगितलेली झीज याच पाण्यामुळे होते, म्हणून ही तोंडं तुंबू न देणं ही देखभालीतली पहिली गोष्ट.

गोदाकाठ

स्टीव्हन्सचं पुढे काय झालं?

लंडनकर

तो इंग्लंडला परतून स्थायिक झाला नाही. समोरची महापालिकेची इमारत त्याचीच, १८९३ ची. चर्चगेटचं बीबीसीआय रेल्वेचं (आजची पश्चिम रेल्वे) मुख्यालयही त्याचं, १८९९ चं. १९०० ला मुंबईतच वारला. मुलगा चार्ल्सही वास्तुविशारद झाला, कुलाब्याचं रीगल थिएटर त्याचं.

तिन्ही इमारती एका दिवसात पायी बघता येतात, आणि तशाच क्रमाने बघाव्यात. व्हीटीत गॉथिकचा जोर आहे. महापालिकेपर्यंत घुमटांचा आकार इस्लामी वळणाचा होतो. चर्चगेटला काळ्या बेसॉल्टवर पांढऱ्या दगडाचे पट्टे येतात आणि घुमट पुरते पूर्वेकडचे. वीस-बावीस वर्षांत या शहराने एका इंग्रज माणसाचा हात कसा बदलत नेला, ते दिसतं.

ठाणेकर_आजोबा

भायखळा स्थानकाचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. व्हीटीच्याही आधीची, १८५७ ची दगडी इमारत. लहान, साधी, पण नीट डागडुजी केल्यामुळे २०२२ साली तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. वरचे जाडजूड रंगांचे थर काढल्यावर खालचा दगड, लोखंडी नक्षी, लाकूड पुन्हा दिसायला लागलं. मोठ्या इमारतीचं कौतुक सगळे करतात, लहान स्थानकांवर मात्र दर काही वर्षांनी ऑइलपेंट फासला जातो. आपापल्या स्थानकावर अशी जुनी दगडी कमान किंवा ओतीव लोखंडाचा खांब असेल तर फोटो काढून इथे टाका.

वास्तुवेडा

आजोबा, अगदी योग्य सुचवलंत. मी वेगळा धागा काढतो, त्यात स्थानकाचं नाव, फलाट आणि दगडी आहे की लोखंडी एवढं प्रत्येकाने लिहावं.

व्हीटीला जाणाऱ्यांसाठी: सकाळी लवकर गेलात तर दर्शनी बाजू सावलीत असते आणि कोरीवकाम सपाट दिसतं. दुपारी चारनंतर पश्चिमेचं ऊन तिरपं पडतं, तेव्हा एकेक पान उठून येतं. महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवरून आधी पूर्ण इमारत बघा, मग रस्ता ओलांडून व्हरांड्याच्या कमानींकडे या. छोटी दुर्बीण असेल तर न्या. जिना आणि घुमटाच्या आतल्या भागाला ठराविक वेळीच परवानगी असते, तेव्हा आधी चौकशी करून निघा. स्टार चेंबरला मात्र परवानगी लागत नाही, कुर्ल्याचं तिकीट काढायच्या रांगेत उभे राहा.

प्रश्नचिन्ह

शनिवारी संध्याकाळी जातोय. नानांचा चेहरा नेमका कुठे आहे तेवढं सांगा.

इंजिनिअरकाका

मीही येतो, तुम्हाला दाखवतो. साडेचारला महापालिकेसमोर, फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी भेटू. आणखी कोणी येणार असेल तर खाली लिहा.

चुनखडी

मी येते, भिंग आणते.